झऱ्याचे वारसदार

बाटलीबंद झऱ्याचे पाणी विकणाऱ्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या नेमके काय सांभाळले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पैठणी विणणाऱ्याच्या घरात बापाचा हात मुलात उतरतो आणि तो वारसा पदरावर बोट ठेवून दाखवता येतो. पाण्याच्या धंद्यात असे बोट ठेवायला काही नसते. माल पावसाने दिलेला, जमिनीने गाळलेला, क्षार खडकाचे. घराण्याने फार तर बाटली भरून बूच लावले. तरीही लेबलावर एखादे जुने साल ठळक छापलेले असते आणि गिऱ्हाईक त्या सालाचे चार पैसे जास्त मोजते. ते पैसे कशाचे? माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या धंद्यात वारसा म्हणून मोजावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे झऱ्याच्या वरच्या अंगाची जमीन, जिथे पाऊस पडतो आणि मुरतो. नाव, बाटली आणि कहाणी या गोष्टी त्या जमिनीवाचूनही टिकतात, आणि नेमकी तीच अडचण आहे.

कहाणी कशी घडते हे पाहायला रिकर घराण्यासारखे दुसरे उदाहरण नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे आणि त्यात पोलंड नावाचे गाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेबेझ रिकर या गृहस्थाने शेकर पंथीयांशी जमिनीची अदलाबदल केली आणि कुटुंबकबिल्यासह तो इथल्या टेकडीवर येऊन राहिला. १७९७ मध्ये रिकरांनी वाटसरूंसाठी मुक्कामाचे घर उघडले. टेकडीवर झरा होता, पण त्याचे पाणी तेव्हा घरच्यांच्या आणि आल्या-गेल्यांच्या पिण्यापुरतेच. १८४४ मध्ये जेबेझच्या नातवाने, हायरम रिकरने, या पाण्याने आपले जुने अपचनाचे दुखणे गेल्याचे सांगायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी पाणी विकायला निघाले. यात वैद्यकीय पुरावा म्हणावा असे काही नव्हते. पण ज्या काळात शहरांतले नळाचे पाणी विषमज्वर घेऊन घरात येई, त्या काळात खेड्यातले थंडगार, निर्मळ पाणी पिऊन माणसाला बरे वाटले असेल तर त्यात नवल ते काय?

हायरमच्या मुलांनी या एका दुखण्याच्या भांडवलावर केवढा इमला उभारला, ते मात्र थक्क करणारे आहे. १८७६ मध्ये टेकडीवर ‘पोलंड स्प्रिंग हाउस’ हे भव्य हॉटेल उघडले. त्याच सुमारास काचेची एक खास बाटली निघाली. ती होती मोझेस या ज्यू प्रेषिताच्या आकाराची. रानात तहानलेल्या लोकांसाठी काठीने खडक फोडून पाणी काढणारा तो मोझेस, दाढी आणि पायघोळ अंगरख्यासकट बाटली होऊन उभा! बायबल घरोघरी वाचले जाई त्या देशात जाहिरातीचा एक शब्दही न छापता पाण्याचे पावित्र्य सांगायची ही युक्ती होती. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या पाण्याने पदक मिळवले. प्रदर्शन संपल्यावर रिकरांनी तिथली मेन राज्याच्या दालनाची आख्खी इमारत विकत घेतली, सुटी करून आगगाडीने टेकडीवर आणली आणि १८९५ मध्ये पाहुण्यांसाठी ग्रंथालय म्हणून पुन्हा उभी केली. १९०४ मध्ये सेंट लुईच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच स्पॅनिश धाटणीचे नवे झराघर आणि बाटल्या भरण्याची इमारत बांधली गेली, कारखान्यापेक्षा प्रार्थनास्थळ वाटावे अशी. हॉटेलात आलेला श्रीमंत पाहुणा पाणी पिई आणि शहरात परतल्यावर तेच मागवी. शहरात पाणी पिणारा उन्हाळ्यात हॉटेलात येई. धंदा म्हणून हे उत्तम जमले होते. पण जमलेल्या गोष्टीत पाणी किती आणि पाहुणचार किती, हे रिकरांनाही वेगळे सांगता आले असते की नाही, शंका आहे.

या सगळ्या डामडौलाखाली एक वस्तुस्थिती होती, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नव्हते. या भागात हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या वितळताना वाळू आणि खडी यांचे जाड थर मागे राहिले. पाऊस आणि वितळलेले बर्फ त्यांतून पाझरत खाली जाते, गाळले जाते आणि उतारावर वाट मिळेल तिथे बाहेर येते. अशी वाळू पाणी पटकन पिते, आणि त्याबरोबर वर सांडलेली घाणही तितक्याच पटकन पिते. पोलंडचे पाणी चांगले राहिले याचे खरे कारण टेकडीवर रान होते, वस्ती विरळ होती आणि कारखाना नव्हता. रिकरांनी ती टेकडी पाहुण्यांच्या डोळ्यांना बरी दिसावी म्हणून जपली असेल, पाण्यासाठी म्हणून नव्हे. तरी परिणाम एकच. अनवधानाने का होईना, वारसा तिथे सांभाळला जात होता.

मग शहरांचे पाणी सुधारले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी नगरपालिका पाण्यात क्लोरीन घालू लागल्या आणि निर्मळ पाण्यासाठी दूरच्या झऱ्याची गरज उरली नाही. मोटारींमुळे एकाच हॉटेलात महिनोन्‌महिने राहण्याची चाल मोडली. १९३० नंतरच्या मंदीत हा कारभार रिकरांच्या हातून गेला. १९७५ मध्ये ते मोठे हॉटेल जळून खाक झाले. नाव मात्र सुरक्षित होते. १९८० मध्ये फ्रान्सच्या पेरिए कंपनीने ते घेतले, १९९२ मध्ये पेरिएसकट ते नेस्लेकडे गेले आणि २०२१ मध्ये नेस्लेने उत्तर अमेरिकेतला पाण्याचा जवळजवळ सगळा धंदा गुंतवणूकदारांना विकला, त्यात पुन्हा मालक बदलला. आज या नावाखाली मेनमधल्या अनेक ठिकाणचे पाणी विकले जाते. ते बेकायदा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार, जमिनीखालच्या ज्या थरातून पाणी आपोआप पृष्ठभागावर येते, त्याच थरात बोअर मारून काढलेले पाणीही ‘झऱ्याचे पाणी’ म्हणून विकता येते, अटी पाळल्या म्हणजे झाले. २००३ मध्ये काही ग्राहकांनी या नावाचे पाणी खरोखर झऱ्याचे आहे का, असा दावा लावला. कंपनीने आरोप न मानता तडजोड केली. मला त्या दाव्याच्या निकालापेक्षा त्यातला गोंधळ जास्त बोलका वाटतो. हायरमच्या झऱ्याची पुण्याई हायरमच्या झऱ्याशिवाय विकता येते, हे कायद्याला मान्य आहे आणि बाजारालाही. युरोपात असे चालत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे एका उगमाचे नैसर्गिक खनिज पाणी एकाच व्यापारी नावाने विकावे लागते आणि लेबलावर उगमाचे नाव व ठिकाण द्यावे लागते.

मग घराणे कशाला हवे? या प्रश्नाचे उत्तर काळात आहे. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी एव्हियाँ आहे. त्याच्या वरच्या गाव्हो पठारावर पडलेले पाणी हिमनदीच्या गाळातून झिरपत झऱ्यापर्यंत यायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो, असे तिथली कंपनी सांगते. म्हणजे आज पठारावर शेतकऱ्याने खताचे पोते जास्तीचे ओतले, तर त्याची चव आज शाळेत जाणाऱ्या मुलाला नोकरीला लागल्यावर कळणार. कंपनीचा मुख्याधिकारी पंधरा वर्षे खुर्चीत राहत नाही. आज त्याने जमीन राखण्यावर खर्च केला तर तोटा त्याच्या ताळेबंदात दिसतो, फायदा त्याच्या नंतरच्या नंतरच्याच्या. ज्याला धंदा मुलांच्या हाती द्यायचा आहे त्याला हा हिशेब निराळा दिसतो, निदान दिसायला हवा. घराण्याच्या बाजूने करता येईल असा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच.

तो प्रत्यक्षात कसा उतरतो ते बेल्जियममधल्या स्पा या गावात पाहावे. आर्देन डोंगररांगांतले हे गाव पाण्यासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. रशियाचा झार पीटर द ग्रेट १७१७ मध्ये इथे पाणी प्यायला आला होता, आणि तिथल्या एका झऱ्याला आजही त्याचे नाव आहे. गावाच्या वर दलदलीचे, शेवाळाचे, पीटच्या काळ्या मातीचे पठार आहे. खडकात चुनखडी जवळजवळ नाही, त्यामुळे त्यातून येणाऱ्या काही झऱ्यांच्या पाण्यात क्षार अगदी नगण्य. अशा पाण्याची एक नाजूक बाजू असते. मुळातच काही नसलेल्या पाण्यात थोडेसे काही मिसळले तरी ते लगेच उठून दिसते. १८८९ मध्येच या झऱ्यांभोवती कायद्याने संरक्षित क्षेत्र आखले गेले. पुढे ते वाढत वाढत सुमारे १३ हजार हेक्टरांपर्यंत गेले. त्या हद्दीत काय बांधायचे, कुठे खणायचे, शेतात काय फवारायचे यावर बंधने आहेत. स्पाचे पाणी भरणारी कंपनी १९२१ पासून चालते आणि १९८० पासून ती द्यू ब्वा घराण्याच्या ताब्यात आहे. त्यांनी पुढे इतर देशांतलेही उगम घेतले.

पण स्पाची खरी गंमत मालकीत आहे. तिथले झरे या घराण्याचे नाहीत. ते नगराचे आहेत. कंपनीकडे पाणी भरण्याचा मक्ता आहे आणि त्याबदल्यात नगराला पैसे मिळतात. म्हणजे युरोपातल्या एका नावाजलेल्या घराण्याचा ‘वारसा’ मुळात मक्तेदाराचा आहे. घराण्याला पुढच्या पिढीचा विचार करावासा वाटतो हे खरे, पण तो विचार मनातून उतरला तरी सुटका नाही, कारण वर एक जुना कायदा आणि समोर एक घरमालक बसला आहे. रिकर आपल्या टेकडीचे धनी होते. त्यांचा काळ बरा होता तोवर टेकडी बरी राहिली, आणि ते गेल्यावर कोणाला काही बंधन उरले नाही. नुसते रक्ताचे नाते जमीन राखत नाही. रक्ताच्या नात्याला करारात बांधले की राखते, असे म्हणायला स्पाने जागा दिली आहे.

यावर एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जमीन राखण्याचे सर्वांत गाजलेले काम एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या नावावर आहे, घराण्याच्या नाही. फ्रान्समधल्या व्हितेलचा झरा लुई बुलूमिए या वकिलाने १८५४ मध्ये घेतला आणि त्याच्या वंशजांनी तिथे आख्खे आरोग्यस्थान वसवले. १९६९ मध्ये नेस्लेने त्यात हिस्सा घेतला, १९९२ मध्ये सगळेच. १९८० च्या दशकात लक्षात आले की वरच्या शेतांमुळे पाण्यातले नायट्रेट हळूहळू चढते आहे. पूर्वी त्या भागात गुरांना चराऊ कुरणे असत. दूधधंदा वाढला तसा गवताच्या जागी चाऱ्याचा मका आला, मक्याबरोबर खत आले. युरोपातल्या नियमाप्रमाणे नैसर्गिक खनिज पाण्यावर, मोजके अपवाद सोडले तर, प्रक्रिया करता येत नाही. त्यामुळे पाण्यातून नायट्रेट काढून टाकू, हा रस्ताही बंद होता. कंपनीने फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेबरोबर १९८९ पासून काही वर्षे अभ्यास केला आणि मग सुमारे ५ हजार हेक्टरांच्या क्षेत्रातल्या शेतकऱ्यांशी एकेक करून बोलणी केली. मका बंद, कीटकनाशके बंद, हेक्टरी जनावरे मर्यादित, शेण कुजवूनच शेतात टाकायचे. बदल्यात अठरा ते तीस वर्षांचे करार, बदलाच्या पहिल्या वर्षांत हेक्टरी रोख मदत, नवे गोठे बांधायला पैसे, कर्जात अडकलेल्यांना जमिनीचा भार हलका करून तीच जमीन फुकट कसायला. हे कोणाला पटवून देणे सोपे नव्हते. बोलणी दहा वर्षे चालली. आज जगभर पाणलोट-संरक्षणाच्या अभ्यासक्रमात हे उदाहरण शिकवतात, आणि ते रास्तच आहे.

मग घराण्याचा मुद्दा निकालात निघाला का? माझ्या मते अर्धाच. व्हितेलने सिद्ध केले ते एवढेच की तीस वर्षांचा करार असला तर करार करणारा कोण हे दुय्यम ठरते. तो करार घडवून आणला कायद्याने, पाण्यावर प्रक्रिया करायला बंदी घालून. तो कायदा डावलला तर काय होते, हेही याच भागाने दाखवले. २०२४ च्या सुरुवातीला नेस्लेच्या फ्रान्समधल्या पाणी कंपनीने कबूल केले की आपल्या काही खनिज पाण्यांवर बंदी असलेल्या प्रक्रिया, म्हणजे अतिनील किरण आणि कार्बनच्या गाळण्या, वापरल्या जात होत्या. त्याच वर्षी सरकारी वकिलांशी झालेल्या तडजोडीत, या प्रक्रियांबरोबरच परवानगीविना चालवलेल्या बोअरबद्दलही कंपनीने २० लाख युरो भरले. एका खोऱ्यात शेतकऱ्याबरोबर दहा वर्षे खपणारी कंपनी आणि पाण्याला गुपचूप गाळणारी कंपनी एकच. हे विसंगत वाटते, पण नाही. गाळणी बसवता येत असेल तर खोरे राखण्याचा खर्च कुठल्याही ताळेबंदाला जडच जाणार.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो आपल्याला जवळचा आहे. गाळणीत वाईट काय? पाणी सुरक्षित असल्याशी मतलब. खरे तर भारतात बहुतेक बाटल्यांची भिस्त याच उत्तरावर आहे. १९६० च्या दशकात ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बिसलेरीचा कारखाना उघडला आणि १९६९ मध्ये तो पार्लेच्या चौहान घराण्याने घेतला. हाही घराण्याचाच धंदा, आणि इतका यशस्वी की एस.टी. स्टँडवर कुठलीही बाटली मागायची तर आपण ‘एक बिसलेरी द्या’ म्हणतो. पण हे पाणी झऱ्याचे असल्याचा त्यांचा दावाच नाही. विश्वास आहे तो यंत्रावर आणि तपासणीवर. भारतीय मानकांतही हा फरक स्पष्ट आहे. प्रक्रिया केलेल्या बाटलीबंद पाण्याला आयएस १४५४३, उगमावरच भरलेल्या नैसर्गिक खनिज पाण्याला आयएस १३४२८. दुकानातल्या बहुतेक बाटल्यांवर पहिलाच आकडा सापडेल. मला या पहिल्या प्रकारात अप्रामाणिक असे काही वाटत नाही. यंत्र बदलता येते, उगम बदलता येतो, वारसा म्हणून सांगायची गोष्ट यात कारभाराची आहे, पाण्याची नाही. अडचण होते ती गाळणीचे पाणी झऱ्याच्या भावाने विकले की. झऱ्याच्या पाण्याचा जास्तीचा भाव म्हणजे एका जमिनीवर कोणी घाण केली नाही याची पावती असते. गाळणी लावली की पावती उरते आणि जमीन राखायचे कारण संपते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. झऱ्याच्या वरची जमीन राखायची म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर बंधने घालायची. आपली बाटली स्वच्छ राहावी म्हणून वरच्या शेतकऱ्याने मका का सोडावा? स्पामध्ये निदान पैसा नगरात परततो. व्हितेलमध्ये शेतकऱ्याला करार मिळाला, पण तिथल्याच खोल भूजलाची पातळी कंपनीच्या उपशाने खालावल्यावर गावकऱ्यांना शेजारच्या भागातून नळाने पाणी आणून द्यावे अशी योजना निघाली आणि विरोध झाल्यावर ती गुंडाळावी लागली. मेनमध्ये तर कायदाच निराळा आहे. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे, मग शेजाऱ्याची विहीर आटली तरी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येही हा जुना नियम मोडायला नकार दिला. आपण हे वाचून नाक मुरडायला नको. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढायला साधारण असाच मोकळा हात देतो. महाराष्ट्राने २००९ चा भूजल अधिनियम करून त्याला काही आळा घातला, पण तो मुख्यतः विहिरी आणि बोअर यांचा विचार करतो.

झऱ्याची गोष्ट त्याहून वेगळी, कारण झऱ्याचा लाभ घेणारा आणि झऱ्याचे पाणी जिथे मुरते तिथला मालक सहसा वेगवेगळे असतात. कोकणात हे रोज दिसते. वर जांभ्याचा सडा, पावसाळ्यात सच्छिद्र दगडातून पाणी आत उतरते आणि पायथ्याला झरा होऊन येते. त्यावर पाट काढून सुपारीच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या भिजल्या आहेत. या पाण्याची कोणी बाटली भरत नाही, पण बागायतदाराचे घराणे झऱ्याचेच वारसदार आहे. सातबाऱ्यावर त्याची बाग लागते, पाटाच्या वहिवाटीचा हक्क तो दाखवू शकतो. वरच्या सड्यावर कोणी चिरेखाण सुरू केली, किंवा सडा विकून तिथे सपाटीकरण झाले, तर त्याला आक्षेप घ्यायला कागद कुठला दाखवावा हे तलाठ्यालाही सांगता येणार नाही. स्पाने १८८९ मध्ये जी रेषा नकाशावर काढली, ती आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.